सोलापुरासह दिलेली राजकन्या

इंग्लंडच्या इतिहासांत स्कॉटलंडची राणी मेरी हिची कथा आपल्यांपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. तीन विवाह, जवळजवळ एकोणीस वर्षांची कैद आणि १५८७ सालीं शिरच्छेद! त्याच काळीं आपल्या दक्षिणेंत एक राणी होऊन गेली. तिचा विवाह एकच झाला. पण तिच्या वाट्यास आलेलें दुःख मेरीहून फार उणें नव्हतें.

चांदबिबी ही अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) हुसेन निजामशहाची कन्या. तिच्या विवाहाची हकीकत खरें पाहतां सोलापूरच्या किल्ल्याची आहे. १५२४ सालीं विजापूरची राजकन्या मरियम निजामशाहींत दिली, तेव्हां हुंडा म्हणून सोलापूर देण्याचें ठरलें होतें. किल्ला कांहीं मिळाला नाहीं. त्यापायीं दोन्हीं राज्यें पुढें वर्षानुवर्षें भांडत राहिलीं. अखेर विजयनगराविरुद्ध एकी करण्याची निकड पडली, तेव्हां हुसेनशहानें चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली आणि तिजबरोबर सोलापूरही दिलें. उलट अलीची बहीण चांदबिबीच्या भावास, मुर्तजास, दिली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत ही सोयरीक फळास आली. लग्नाच्या बैठकींत दागिने नि शेतें मोजलेलीं पालकांपैकीं कित्येकांनीं पाहिलीं असतील. तेथें किल्ला मोजला गेला, एवढेंच.

१५८० सालीं अलीचा खून झाला. राणीस मूल नव्हतें. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम बसला व त्याच्या नांवानें ती कारभार पाहूं लागली. थोड्याच काळांत किश्वरखान नांवाच्या सरदारानें तिला साताऱ्याच्या किल्ल्यांत कोंडलें. सुटका झाली खरी. पण सत्ता हातीं घेणाऱ्या स्त्रीस काय भोगावें लागतें हें तिला नवें नव्हतें. तिची आई खुंझा हुमायून हिनेंही मुलाच्या नांवानें राज्य चालविलें होतें, आणि त्याच मुलानें, मुर्तजानें, तिला कैद केलें होतें.

विधवा चांदबिबी पुढें माहेरीं परतली. पण माहेर म्हणावें असें तेथें काय उरलें होतें? मुर्तजाला १५८८ सालीं त्याच्याच पुत्रानें ठार केलें. १५९५ सालीं गादीसाठीं तंटे माजले, आणि मियाँ मंजू या कारभाऱ्यानें स्वतः मोगलांस बोलाविलें. अकबराचा पुत्र मुराद यानें किल्ल्याखालीं सुरुंग पेरले. कांहीं निकामी केले गेले. एक उडाला व तटास मोठें खिंडार पडलें. तेव्हां चिलखत घालून, तोंडावर बुरखा नि हातीं तरवार अशी ती खिंडारांत येऊन उभी राहिली, आणि रात्रींतून तट पुन्हां बांधविला. गोळे संपले तेव्हां तिनें नाणीं तोफांत भरलीं असें म्हणतात; ती बहुधा दंतकथा असावी.

तरीही १५९६ सालीं तिला वऱ्हाड, म्हणजे आपल्या शेजारचा अमरावती-अकोल्याकडील मुलूख, देऊन तह करावा लागला. १६०० सालीं राजपुत्र दानियालचा वेढा पडला. आतां किल्ला टिकणार नाहीं, हें तिनें ओळखलें. किल्ला देऊन अल्पवयी बहादुर निजामशहाचा जीव वांचवावा, असें तिचें मत झालें. माझ्या मतें तिचा हिशेब बरोबर होता. परंतु ‘बाई शत्रूस मिळाली’ अशी एका सेवकानें आरोळी ठोकली, आणि ज्यांच्यासाठीं ती खिंडारांत उभी राहिली होती त्यांपैकींच लोकांनीं महालांत शिरून तिला ठार केलें. लवकरच किल्ला पडला. बहादुरची रवानगी ग्वाल्हेरच्या बंदिवासांत झाली.

त्या शहराजवळील डोंगरावर ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून एक तीनमजली इमारत दाखवितात. ती तिची नव्हे. ती सलाबतखान नांवाच्या निजामशाही मंत्र्याची कबर आहे.