एका सौम्य शब्दाची धार

मागच्या व्याख्यानात आपण उपरोध म्हणजे काय ते पाहिलं. आजचा प्रश्न असा, की तो वाक्यात नेमका असतो कुठे? बोलताना तो आवाजात असतो. पण छापील पानाला आवाज नसतो. तिथे हे काम शब्दांच्या निवडीवर येऊन पडतं.

एक इंग्रजी उदाहरण घेऊ. १७२९ साली डब्लिनमध्ये जोनाथन स्विफ्टने स्वतःचं नाव न घालता एक पुस्तिका काढली. आयर्लंडवर इंग्लंडचा अंमल होता आणि गरीब कुळं खंड भरता भरता पिचली होती. पुस्तिकेत उपाय काय सुचवलाय? गरिबांची वर्षभराची मुलं श्रीमंतांना खायला विकावीत! आणि शीर्षकात या सूचनेला विशेषण लावलंय 'मॉडेस्ट'.

आता बघा, तिथे 'भयंकर' म्हटलं असतं तर उपरोध तिथेच संपला असता. 'मॉडेस्ट' म्हणजे नम्र, आणि माफकसुद्धा. सांगणारा नम्र आहे आणि मागणंही फार नाही, असं तो एकाच शब्दात भासवतो. मराठीत आणताना आपल्याला यातला एकच अर्थ निवडावा लागतो, आणि निम्मी धार जाते.

पुढे आयांसाठी शब्द येतो 'ब्रीडर', म्हणजे पैदाशीचं जनावर. मग हिशेब: १,२०,००० मुलं, त्यातली २०,००० पैदाशीला राखायची, बाकीची विक्रीला. ही सगळी गुरांच्या बाजारातली भाषा. सांगणाऱ्याला तिचं काहीच वाटत नाही, म्हणूनच आपल्या अंगावर काटा येतो.

आणि मग 'डिव्हाउअर' हे क्रियापद. म्हणजे नुसतं खाणं नव्हे, फडशा पाडणं. मुलांवर पहिला हक्क जमीनदारांचा, कारण आईबापांचा फडशा त्यांनी आधीच पाडलाय, असं तो सुचवतो. इतका वेळ 'खाणं' शब्दशः चाललं होतं. इथे ते लाक्षणिक झालं, आणि नेमकं तेच खरं होतं! सावकाराने जमीन 'गिळली' असं म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा उपरोध वाचताना भडक शब्द शोधू नका. प्रसंग भयानक असूनही जो शब्द शांत बसलाय, त्याच्यापाशी थांबा. आणि ही सवय फक्त साहित्यापुरती ठेवू नका. माणसांबद्दल कुणी निव्वळ हिशेबाच्या भाषेत बोलू लागलं, की तिथेही थांबा. कारण तो उपरोध नसेलही.