टॅकल का सुटतो? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला बचाव

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. आज आपण बोलणार आहोत ते अमेरिकन फुटबॉलबद्दल, आणि त्यातही तिथल्या कॉलेज फुटबॉलबद्दल. आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे-पुतणे तिकडे शिकायला आहेत. पावसाळा संपता संपता तिकडे हा मोसम सुरू होतो आणि शनिवारी अख्खं गाव स्टेडियमकडे लोटतं. मॅच हरली की दुसऱ्या दिवशी हमखास एक तक्रार ऐकू येते, की आपल्या पोरांना टॅकलच करता येत नाही. या तक्रारीत तथ्य किती, आणि ती दूर करायला गेलं की मुलांच्या मानेचा आणि मेंदूचा प्रश्न कसा समोर येतो, हे आज आम्ही मांडणार आहोत.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. मैदान १०० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. बचाव करणाऱ्यांचं काम एकच : चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून जमिनीवर आणायचं. यालाच टॅकल म्हणतात. कॉलेजच्या नियमात पळणाऱ्याचा गुडघा जमिनीला लागला की तो बाद, मग त्याला कुणी हात लावलेला असो वा नसो. व्यावसायिक लीगमध्ये स्पर्श झालेला असावा लागतो.

आपल्याला हे समजायला सोपं जातं, कारण आपल्याकडे कबड्डी आहे. चढाई करणाऱ्याची पकड सुटली की काय होतं, हे आपण लहानपणापासून बघितलंय. फरक एवढाच, की कबड्डीत पकड सुटली तर जास्तीत जास्त मध्यरेषेपर्यंतचं अंतर आणि काही गुण जातात. इथे एक टॅकल सुटला आणि मागे कुणी नसलं, तर पळणारा ६०-७० यार्ड जाऊन थेट सहा गुण घेतो.

आता कॉलेजमध्येच ही तक्रार जास्त का? याचं एक उत्तर मैदानावर आखलेलं आहे. मैदानाच्या लांबीत तुटक रेघांच्या दोन ओळी असतात, त्यांना हॅश मार्क म्हणतात. आधीचा डाव कडेला संपला, तर पुढचा डाव जवळच्या हॅश मार्कवरून सुरू होतो. व्यावसायिक लीगमध्ये या दोन ओळींत साडेअठरा फुटांचं अंतर असतं, कॉलेजमध्ये ४० फुटांचं. मैदानाची एकूण रुंदी १६० फूट. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असला, की एका बाजूला ६० फूट जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट. चतुर प्रशिक्षक आपला सर्वांत चपळ मुलगा त्या १०० फुटांच्या बाजूला मोकळा सोडतो आणि चेंडू पटकन त्याच्या हातात देतो. समोर उरतो बचावाचा एकच खेळाडू. आजूबाजूला मदत नाही आणि समोरचा डावीकडे जाईल की उजवीकडे, ते माहीत नाही. बहुतेक टॅकल सुटतात ते इथे.

त्यात भर पडते वेगाची. अनेक संघ दोन डावांच्या मध्ये घोळका करून बोलतच नाहीत, लगेच पुढचा डाव सुरू करतात. आक्रमणाने खेळाडू बदलला तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो. त्यांनी बदललाच नाही, तर दमलेला बचावपटू तसाच उभा राहतो. दमलेला माणूस आधी गुडघे ताठ करतो, आणि गुडघे ताठ झाले की टॅकल गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. टॅकल सुटला की आपण धडकेचा क्षण बघतो आणि म्हणतो, पोरगं घाबरलं, ताकद कमी पडली. पण टॅकलचा निकाल बहुतेक वेळा धडकेच्या आधीच्या दोन-तीन पावलांत लागलेला असतो.

पहिली गोष्ट कोनाची. धावती एसटी पकडायची तर गाडी आत्ता आहे तिथे धावून उपयोग नसतो, ती जिथे येणार आहे तिथे धावावं लागतं. नवखा बचावपटू पळणाऱ्याच्या आत्ताच्या जागेकडे झेपावतो आणि पोचेपर्यंत त्याच्या पाठीमागे पडतो. उलट फारच पुढचा कोन घेतला, तर पळणारा आत वळून निसटतो.

दुसरी गोष्ट नजरेची. पळणारा डोक्याने, खांद्याने, पायांनी हूल देऊ शकतो, पण कंबरेने देऊ शकत नाही. जिकडे कंबर, तिकडे माणूस. म्हणून चांगले प्रशिक्षक सांगतात, जवळच्या बाजूच्या कंबरेवर नजर ठेव.

तिसरी गोष्ट पायांची. पूर्ण वेगात आलेला बचावपटू वळू शकत नाही, आणि आधीच थांबून वाट बघणारा तर पुतळाच होतो. हवं असतं ते मधलं. जवळ आल्यावर पावलं लहान करायची, गुडघे वाकवायचे, बूड खाली न्यायचं, पण पाय हलते ठेवायचे. जे दोन हात लांबून सूर मारतात त्यांच्या हातात बुटाची नाडी येते.

चौथी गोष्ट हातांची. टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला जातो तो मोठा दणका, खांदा मारून समोरच्याला उडवणं. तो बसला तर टाळ्या पडतात. पण हात न आवळता नुसता खांदा मारला, तर दणकट पळणारा तोल सावरून पुढे पळतो. ज्यांनी कुस्ती बघितली आहे त्यांनी पट आठवावा. पैलवान खाली बसतो, खांदा चिकटवतो, दोन्ही हातांनी पाय कवटाळतो, डोकं बाजूला ठेवतो आणि मग पायांच्या जोरावर पुढे रेटतो. चांगला टॅकल जवळपास असाच असतो.

आणि पाचवी गोष्ट, जी एकट्या खेळाडूची नाही, संघाची आहे. बचावाच्या तीन फळ्या असतात : पुढची, मधली आणि मागची. कडेला उभ्या असलेल्या बचावपटूने आपला बाहेरचा हात मोकळा ठेवायचा आणि पळणाऱ्याला आत, म्हणजे आपल्या माणसांकडे वळवायचं. काही डावांत उलटं ठरलेलं असतं, त्याला सीमारेषेकडे ढकलायचं. सीमारेषा म्हणजे बचावाचा बारावा खेळाडू, तिला हुलकावणी देता येत नाही. प्रत्येकाने आपली बाजू राखली, तर एक टॅकल सुटूनही पाच-सहा यार्डच जातात, कारण दुसरा येऊन धरतो. बाजू सुटली, तर तोच टॅकल अख्खं मैदान देऊन जातो. म्हणून कुठल्या संघाचे किती टॅकल सुटले, या आकड्यापेक्षा सुटल्यावर पुढे किती यार्ड गेले, हे बघा. पहिल्यात खेळाडू दिसतो, दुसऱ्यात प्रशिक्षण दिसतं.

मग प्रशिक्षकांनी मुलांकडून टॅकलचा भरपूर सराव का करून घेऊ नये? आता डोक्याचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ म्हणजे माणसांचा ढीग होता. एकाच जागी रेटारेटी व्हायची आणि त्यात मुलं दगावत होती. १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि खेळ पसरला. आजची एनसीएए ही संस्थाही त्याच खटपटीतून उभी राहिली. गंमत बघा, मोकळ्या मैदानातल्या टॅकलचा आजचा प्रश्न जीव वाचवायला केलेल्या बदलातूनच आला.

पुढे कडक प्लॅस्टिकचं हेल्मेट आलं, तोंडापुढची जाळी आली. कवटी वाचली, चेहरा वाचला. पण डोकं झाकलं गेल्यावर तेच शस्त्र झालं, आणि मुलं मान खाली घालून टाळूने धडक मारू लागली. मान सरळ असताना तिला नैसर्गिक बाक असतो आणि तो धक्का पेलतो. मान थोडी खाली वाकवली की हा बाक जातो, मणके एकावर एक सरळ रचले जातात आणि टाळूवरचा धक्का थेट त्या खांबात उतरतो. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी ही यंत्रणा दाखवून दिली. १९७६ मध्ये शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे डोक्याने पहिली धडक मारायला बंदी झाली. त्या मोसमात मानेच्या दुखापतीने हात-पाय कायमचे गेलेल्या खेळाडूंची नोंद ३४ होती. १९८४ मध्ये ती ५ वर आली. फक्त टॅकलची पद्धत बदलून!

मेंदूचा प्रश्न मात्र उरलाच. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हलतो ते त्याला थांबवता येत नाही. २००८ मध्ये कॉलेजच्या नियमांत टार्गेटिंग हा गुन्हा आला आणि २०१३ पासून त्यासाठी १५ यार्डांच्या दंडाबरोबर खेळाडूला मैदानाबाहेर काढलं जाऊ लागलं. म्हणजे डोकं खाली घालून मारलेला टॅकल आता तीनदा महागात पडतो. मारणाऱ्याची मान धोक्यात, संघाला दंड, आणि खाली बघितल्यामुळे समोरचा दिसतच नाही, म्हणून टॅकलही सुटतो.

हे पेच डार्टमथ कॉलेजात एका माणसाने वेगळ्या बाजूने सोडवायला घेतले. प्रशिक्षक बडी टीव्हन्स. त्यांचा संघ २००८ मध्ये दहाच्या दहा सामने हरला होता. २००९ मध्ये दोन जिंकला. एवढ्या वाईट अवस्थेत कुणीही सराव अधिक कडक केला असता. टीव्हन्स यांनी २०१० मध्ये ठरवलं, की सरावात आपले खेळाडू एकमेकांना पाडणार नाहीत. टॅकल करायचा तो गाद्यांवर आणि पुतळ्यांवर. पुढे तिथल्याच इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी रिमोटवर पळणारा, वळणारा पुतळा बनवला. लोकांना वाटलं, ही मुलं मॅचमध्ये काय करणार? त्या मोसमात डार्टमथने सहा सामने जिंकले, चार हरले. २०१५ मध्ये नऊ जिंकून आयव्ही लीगचं विजेतेपद संयुक्तपणे मिळवलं. सगळं श्रेय या एका निर्णयाला देणं बरोबर नाही, संघात चांगले खेळाडूही येत गेले. पण माणसं न पाडता बचाव शिकवता येतो, एवढं नक्की सिद्ध झालं. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या सगळ्या प्रशिक्षकांनी एकमताने मोसमाच्या सरावात पूर्ण टॅकल बंद करायचं ठरवलं.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठात एरिक स्वार्ट्झ यांनी तर खेळाडूंना हेल्मेट काढून टॅकलचे छोटे व्यायाम दिले, अर्थात हळू आणि गादीवर. डोक्यावर काही नसलं की माणूस आपोआप डोकं जपतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोसमाच्या शेवटी या खेळाडूंच्या डोक्याला बसणारे धक्के इतरांच्या तुलनेत २८ टक्क्यांनी कमी होते. व्यावसायिक लीगमध्ये सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी रग्बीतला खांद्याचा टॅकल शिकवला आणि २०१४ मध्ये त्याचा व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला केला. त्यांचा संघ तेव्हा विजेता होता आणि बचावासाठीच गाजत होता.

या सगळ्यातून निघतं काय? जो टॅकल मान वाचवतो, तोच टॅकल समोरच्याला पाडतो. नजर वर, बूड खाली, डोकं बाजूला, हात आवळलेले, पाय हलते. सुरक्षितता आणि विजय यांत एक निवडा, असं प्रशिक्षकांना वर्षानुवर्षं वाटत आलं. पण टॅकलच्या बाबतीत दोन्हींचा धडा एकच आहे.

आता वेळ थोडा आहे, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सरावात खऱ्या माणसाला पाडलंच नाही, तर मॅचमध्ये मुलं बिचकणार नाहीत का?

रास्त शंका आहे. पण टॅकलचे तुकडे करून बघा. कोन घेणं, पावलं लहान करणं, कंबरेपर्यंत योग्य बाजूने पोचणं, हे सगळं माणसासमोरच शिकता येतं, फक्त शेवटी त्याला पाडायचं नाही. पाडण्याचा तुकडा गादीवर होतो. बिचकणं येतं ते कुठे पाय टाकायचा हे माहीत नसल्यामुळे. ते माहीत असलं की धीर आपोआप येतो. आणि दुखापत न झालेला मुलगा नोव्हेंबरमध्येही मैदानावर असतो.

प्रश्न : आमचा मुलगा तिकडे शिकतो, त्याच्याबरोबर मॅच बघताना नेमकं काय बघायचं?

चेंडू बघू नका. सगळ्यात मागे उभा असलेला जो बचावपटू आहे, ज्याला सेफ्टी म्हणतात, त्याचे पाय बघा. पळणारा मोकळा सुटला की त्याची पहिली तीन पावलं कुठे पडतात ते बघा. धडक व्हायच्या आधीच तुम्हाला सांगता येईल, हा धरणार की सुटणार. चारदा चुकाल, पाचव्यांदा बरोबर याल. आणि कुणी मान खाली घालून धडकायला गेला, तर त्याच्या प्रशिक्षकाने काय केलं तेही बघा. टाळ्या वाजवल्या, की त्याला बाजूला घेतलं?