सासूबाईंच्या आठवणी ऐकता ना?

घरातलं वडीलधारं माणूस जुन्या गोष्टी सांगू लागलं, की नेमके आपले हात कणकेत असतात आणि डोळे घड्याळाकडे. "हो का, आई?" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकायचा कंटाळा येतो, हे खोटं कशाला म्हणायचं? पण मैत्रिणींनो, त्या गोष्टींत काय काय दडलेलं असतं हे जाणून घ्यायचं असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हाती घ्या. कॉलेजात वाचली असतील तर पुन्हा वाचा. विशीत वाचलेलं पुस्तक संसारात पडल्यावर निराळंच बोलतं!

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा कधी पाहिलीच नाही. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरातच. यजमान म्हणजे कवी नारायण वामन टिळक. मोठे बुद्धिमान आणि तितकेच तापट. हातात पैसा ठरायचा नाही, पाय घरात ठरायचा नाही. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते तुम्हांआम्हांला वेगळं सांगायला नको.

आणि मग १८९५ साली टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विचार करा, पदरात लहानगा दत्तू, स्वतःचं शिक्षण नाही, कमाई नाही, आणि ज्याच्या नावाचं कुंकू लावायचं तो माणूस जिवंत असून दुरावलेला. लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या. प्रेम आटलं होतं का? मुळीच नाही. दुःख नेमकं तेच होतं. माणूस हवा होता, पण त्याचा धर्म नको होता.

पुढे त्या टिळकांकडे गेल्या, तेव्हाही आपला धर्म आणि आपलं सोवळं सोडून गेल्या नाहीत. जे काही सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने सुटलं, नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे. माणसामाणसांत हा उच्चनीच भेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांना पडला. आधी जातीचा विटाळ मनातून गेला आणि नंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय आपल्याला पटो वा न पटो, तो त्यांचा स्वतःचा होता. नवरा-बायकोचं प्रत्येक बाबतीत एकमत व्हायलाच हवं, असं मानून आपण किती वेळा मनातलं गिळून टाकतो! न गिळताही संसार पुन्हा जुळू शकतो, हे या बाईने दाखवलं.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने १९३४ साली आला, तेव्हा त्या पासष्टीच्या घरात होत्या. १९३६ साली त्यांचं निधन झालं आणि शेवटचा भाग मुलाने पुरा केला. पुस्तकात रडगाणं कुठेच नाही. स्वतःची फजिती सांगतात, टिळकांवरचा राग सांगतात आणि त्या रागाखालची मायाही लपवत नाहीत.

आपल्या घरातल्या आजींनी, आत्याबाईंनी पुस्तक लिहायला हवं असं नाही. पण विचारणारं कुणीतरी हवं. "तुमचं तरुणपण कसं होतं?" असं एकदम विचारलंत, तर "आमचं मेलं कसलं तरुणपण!" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा लहान प्रश्न विचारा. सासरी पहिला स्वयंपाक काय केलात? पहिलं पत्र कुणाला लिहिलंत? मामंजींशी पहिलं भांडण कशावरून झालं? कुठला उपवास धरलात आणि कुठला सोडलात? शेंगा सोलताना, वाती वळताना विचारा. हात कामात असले की जीभ सैल सुटते. दोन ओळी साध्या वहीत टिपून ठेवा आणि तारीख घाला.

एक पथ्य मात्र पाळा. एखाद्या नावापाशी त्या थबकल्या, डोळे दुसरीकडे वळले, तर तिथे खोदू नका. तिथे कदाचित एखादं न झालेलं लग्न असेल, गेलेलं मूल असेल. आणि विश्वासाने सांगितलेलं हळदीकुंकवाला चारचौघींत बोलू नका.

पस्तीस-चाळीस वर्षांनी आपणही सांगू लागणार आहोत. ऐकायची सवय घरात आज लागली, तर तेव्हा आपल्यापाशीही कुणी बसेल.