हार्वेस्टर आला, उचल राहिली

समाजशास्त्राच्या पुस्तकात संस्कृतीचे दोन भाग असतात. घर, अवजार, कपडा ही भौतिक संस्कृती. रूढी, श्रद्धा, मूल्ये, नियम ही अभौतिक. परीक्षेत दोन रकाने आखून फरक लिहिला की गुण मिळतात. बीड जिल्ह्यातला कोयता यातल्या कोणत्या रकान्यात टाकायचा?

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडची गावे ओस पडू लागतात. ताडपत्री, भांडी, पीठ, लेकरे असा सगळा संसार ट्रॅक्टरमध्ये भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम वीस कोयते मोजतो तेव्हा तो नवरा-बायकोच्या वीस जोड्या मोजत असतो. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. म्हणजे लोखंडी पात्याला लग्नाची अट जोडलेली. पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची ही काळजी असतेच, त्यात लग्न लावले की एक नवा कोयता तयार होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वर्षांच्या तरुणींपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचा आकडा २२च्या आसपास होता.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ साली मांडले, की वस्तू झपाट्याने बदलतात, चालीरीती मागून रखडत येतात. बीडला हे लागू पडते. बैलगाडीला टायर आले, ट्रॅक्टर आला, आता फडात हार्वेस्टर फिरतो. उचल मात्र तशीच: हंगामाआधी घेतलेले पैसे फिटेपर्यंत तोडत राहायचे. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीतसुद्धा सुट्टी नाही. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, त्याच्या मुळाशी हा खाडाही आहे.

ऑगबर्न मला अर्धेच पटतात. चाली नेहमी आपसूक रखडत नाहीत. ज्यांची सोय होते ते त्या धरून ठेवतात. उचल नवऱ्याच्या नावावर, निम्मे काम बायकोचे, आणि हिशेबात तिचे नावच नाही. बँकखाती आता घरोघरी आहेत. कारखान्यांनी येत्या हंगामात प्रत्येक तोडणारणीचे नाव वेगळे नोंदवावे आणि तिची मजुरी तिच्याच खात्यात भरावी.