मंग त्या बाईनं काय व्हयनं?

सकाळी ७.१० : गॅसवर चहा, खिडकीत रेडिओ. प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की आजही हातातलं काम थांबतं. लहानपणी जळगाव केंद्रावर पुण्याच्या बातम्या लागायच्या. नंदुरबारचं नाव आलं तर मी गल्लीभर सांगत सुटायचे. यायचं क्वचितच. तेव्हा आमचा जिल्हाही नव्हता. धुळ्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ ला.

९.०० : मिरचीच्या पथारीवर. डोळ्यांत मावत नाही एवढी लाल मिरची वाळत पडलेली, आणि कडेला देठं खुडणाऱ्या बायका. आई इथंच खुडायची. तिखट बोटांत इतकं मुरायचं की मला काजळ कायम आजीनंच घातलं.

शाळा सुटली की मी शिळा पेपर घेऊन इथं यायचे, मोठ्यानं वाचायचे. नाकाला पदर लावून, खोकत खोकत बाया ऐकायच्या. बातमी संपली की कुणीतरी विचारायचंच, "मंग त्या बाईनं काय व्हयनं?" पेपरात ते नसायचं. मला फार अपुरं वाटायचं. आता बातमीपुढचं लिहिणं हेच माझं काम आहे, आणि ते मला या बायांनी दिलं.

११.३० : प्रकाशाला तापी ओलांडली, तळोदा मागे टाकलं, चांदसैली घाट. सप्टेंबर २०२१ मध्ये इथं दरड कोसळली, रस्ता बंद. एकानं आजारी बायकोला खांद्यावर घेतलं आणि चालत निघाला. ती वाटेतच गेली. देशभर बातमी झाली. त्या वाटेनं बाया अजून कशा खाली येतात, ते मी लिहितेय.

२.०० : धडगावच्या वरचा पाडा. इथल्या तरुणांचा 'आदिवासी जनजागृती' हा गट मोबाइलवर भिली-पावरीत बातम्या करतो. त्यांचं पाहूनच, कुणी आपल्या बोलीत सांगत असताना मी मध्ये बोलणं सोडलं. घरधनीण पावरीत सांगते, पुतणी मला मराठीत. पावसात कळा सुरू झाल्या, बांबूला झोळी बांधली, चौघांनी उचलली. मध्येच ती उठून बांबू दाखवते. तो आता वेलाच्या मांडवाला लावलाय. बाळ-बाळंतीण सुखरूप. धाकटी मुलगी दारात उभी राहून ऐकतेय.

रात्री ९.०० : लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवते. ती शेवटपर्यंत गप्प. मग म्हणते, "तिनी धाकली पोर शाळामा जास का?"

विचारलंच नव्हतं. शनिवारी पुन्हा धडगाव.