उताराला पायऱ्या, पाण्याला वाट

नागपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट, काळी जमीन येते. पण शहराच्या मध्यावर सीताबर्डीची टेकडी आहे, पश्चिमेला सेमिनरी हिल्स आहेत, आणि हिंगणा-काटोलच्या बाजूला निघालं की काळ्या खडकाच्या टेकड्या भेटतातच. उत्तरेला रामटेकची टेकडी आहे. तिचा खडक निराळा, आणखी जुना. अशा एखाद्या टेकडीच्या अंगाला कुणाच्या वाट्याला थोडी जागा येते. घरच्यापुरती भाजी काढावी असं वाटतं. मग दोन मोसम वांगी, भेंडी लावून पाहिली जाते, आणि तिसऱ्या वर्षी तिथे नुसता मुरूम उघडा पडलेला दिसतो. माती गेली कुठे? ती पावसाबरोबर खाली ओढ्यात गेली.

आपल्याकडे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही थोड्याच दिवसांत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पाऊस नागपूरकरांच्या लक्षात आहे. काही तासांतच सुमारे शंभर मिलिमीटर पाणी कोसळलं आणि अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला. आता हिशेब करून बघा. हजार चौरस फुटांच्या जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे सव्वानऊ हजार लिटर पाणी. दोनशे लिटरची सेहेचाळीस पिंपं एकदम उतारावर ओतल्यासारखंच ते! टेकडीवर सुपीक माती मुळातच वीतभर. निसर्गाला तिचा एक इंच थर तयार करायला शेकडो वर्षं लागतात, आणि तो जायला असा एखादा पाऊस पुरतो.

यावर माणसानं फार पूर्वीपासून एकच उपाय केला आहे: उताराला पायऱ्या पाडणे. फिलिपीन्समधल्या डोंगरांवर भाताच्या अशा पायऱ्या आहेत. दक्षिण अमेरिकेत माचू पिचूच्या कड्यावरही त्या आहेत, आणि तिथे वरच्या मातीखाली वाळू-खडीचे थर घातलेले सापडले. ते कशासाठी? पाणी मुरून निघून जावं म्हणून. सगळ्या कामाचं मर्म इथेच आहे. पायरी पाणी थांबवण्यासाठी असते हे अर्धंच खरं. पाण्याचा वेग मोडून, जादा पाण्याला शहाण्यासारखी वाट करून देणं, हे तिचं खरं काम.

महाराष्ट्रात बांधबंदिस्तीचं काम मोठं झालं. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि पुढे गावोगाव समपातळीचे बांध पडले. कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत ते उपयोगी पडले. पण खोल काळ्या जमिनीत आणि जास्त पावसात पाणी बांधाआड साचलं, पीक पिवळं पडलं आणि बांध फुटले. तेव्हा अशा ठिकाणी बांधाला थोडा ढाळ देऊन पाणी एका बाजूनं काढावं, असं ठरत गेलं. आपली परसबाग लहान असली, तरी हा धडा तिलाही लागू आहे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू या. पायरी किती रुंद ठेवायची, हा पहिला निर्णय. समजा, तीन फूट पुढे गेलं की एक फूट चढ आहे. मग तीन फुटांच्या वाफ्याला एक फूट उंचीचा ताल लागेल, सहा फुटांच्या वाफ्याला दोन फूट आणि नऊ फुटांच्या वाफ्याला तीन फूट. रुंद वाफ्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ओल्या मातीचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तीन फुटांच्या तालावर एक फुटाच्या तालाच्या नऊपट रेटा येतो. शिवाय वाफा जितका रुंद, तितकं मागं खोल खोदावं लागतं आणि खालचा नापीक मुरूम वर येतो. म्हणून अशा चढावर चार फुटांचा वाफा आणि सव्वा-दीड फुटाचा ताल बरा. याहून अधिक चढ असेल तर भाजीचा हट्ट सोडावा. तिथे सीताफळ, बोर आणि गवत राहू द्यावं.

दुसरी गोष्ट, सपाटीची रेघ. डोळ्यांचा अंदाज उतारावर हमखास चुकतो. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी मिळाली तर उत्तमच. नाही तर दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला बांधा, मधे एक आडवी काठी बांधा, आणि वरून दोरीला दगड लटकवा. झाला ओळंबा. ही चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीवर कुठे येते ती खूण करा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत, असं समजावं. असं एकेक पाऊल टाकत, खुंट्या मारत चला. रेघ वाकडी गेली तरी हरकत नाही. टेकडी वळते तशीच तीही वळणार.

काम खालून वर करत जायचं, बरं का. सगळ्यांत खालच्या पायरीची वरची काळसर माती आधी काढून बाजूला ढीग करून ठेवा. मग ताल रचा, मागचा मुरूम पुढे ओढून सपाटी करा. आता तिच्या वरच्या पायरीची सुपीक माती उकरून या सपाटीवर पसरा. असं करत वर गेलं की शेवटच्या पायरीला माती उरत नाही. तिच्यासाठी पहिला ढीग ठेवलेला आहेच. दिवाळीनंतर जमिनीत ओल असते, तेव्हा खोदाई सोपी जाते. मृग लागण्यापूर्वी ताल पुरे झालेले असावेत.

ताल कोरड्या दगडांचाच घाला. पाया घट्ट मुरमात घ्या, तळाची जाडी उंचीच्या निम्मी तरी ठेवा, आणि सगळा ताल टेकडीकडे किंचित झुकता ठेवा. दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसवा. अधूनमधून एखादा लांब दगड आत टेकडीत घुसवा. मागच्या बाजूला लहान गोटे आणि गिट्टी भरा. सिमेंटनं सांधे बंद केले तर पाणी आत कोंडतं आणि भिंतीला पोट येतं. कुणाला सिमेंटच हवं असेल, तर पाणी निघायला भोकं ठेवलीच पाहिजेत.

वाफ्याचा कल बाहेर नको, किंचित आत असू द्या, आणि आतल्या कडेनं एका बाजूला हलका ढाळ. तिथे दगड बसवलेला सांडवा करा, म्हणजे पाणी पायरी-पायरीनं खाली उतरेल. सर्वांत वर, पहिल्या तालाच्याही वर एक आडवा चर काढा. टेकडीवरचं परकं पाणी तिथूनच बाजूला वळलं पाहिजे. कडेला वाळा लावावा. उन्हाळ्यात त्याच्या मुळांच्या ताट्या आपल्या ओळखीच्या. हीच खोल मुळं माती धरून ठेवतात. मात्र ती ताट्यांसाठी उपटायची नाहीत!

पावसाळ्यात भेंडी, चवळी, आंबाडी घ्या. हिवाळ्यात पालक, मेथी, सांबार, भेदरे. ढेमसे, कोहळे तालाच्या काठाशी लावून वेल खाली सोडावेत. पश्चिमेकडचा दगड मे महिन्यात दिवसभर तापतो आणि रात्रीही ऊब सोडत राहतो. वेलाची सावली त्यावर हवीच. पिकाच्या बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, तर वर पाणी वाहून नेण्याच्या चार खेपाही वाचतात.

पहिल्या मोठ्या पावसात मात्र घरात बसू नका. छत्री घ्या, वर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून उडी मारतं ते बघा. सांडव्यातून येणारं पाणी गढूळ असेल तर माती अजून जाते आहे. त्या जागी दोन दगड, चार वाळ्याची ठोंबं लावा. पाणी निवळ येऊ लागलं की खुशाल समजा, तुमची माती तुमच्याच वाफ्यात राहिली.