वीराचं मरण: दगडात, मडक्यावर, कॅनव्हासवर

पाटणहून सकाळी निघालं तर वाई तालुक्यातलं किकली बघून संध्याकाळपर्यंत घरी परतता येतं. तिथल्या भैरवनाथाच्या देवळापाशी मध्ययुगातले पुष्कळ वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी लढाई आणि त्यात पडलेला वीर. गुरं सोडवताना मेला असेल तर गायीही. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्याशी चंद्र-सूर्य. मरण तळालाच राहतं, शिल्पी त्याच्या पुढे जातो.

ग्रीकांचं मन मरणापाशीच घुटमळतं. इसवी सनापूर्वी ५१५च्या सुमारास युफ्रोनिऑसने एका मोठ्या भांड्यावर ट्रॉयच्या युद्धात पडलेला सार्पेडॉन रंगवला. निद्रा आणि मृत्यू हे दोन पंखवाले भाऊ त्याला उचलताहेत. आपल्या अप्सरांचंच काम. पण इथे जखमांतून रक्त ओघळतंय आणि वाट स्वर्गाची नाही, मायदेशातल्या थडग्याची आहे. त्याच्याही आधी, ५३०च्या सुमारास, एक्झेकियासने त्याच युद्धातल्या अजॅक्सची आत्महत्या काढली. त्यात प्रेत नाही, रक्त नाही. एकटा वीर ओणवा होऊन तलवार जमिनीत नीट रोवतोय, कपाळाला आठी. मरणाचं इतकं जड चित्र दुसरं मी पाहिलेलं नाही. पुढच्या युरोपीय चित्रकारांनी शोक मागे राहिलेल्यांच्या चेहऱ्यावर आणला. डाव्हिदच्या १७८३च्या चित्रात ट्रॉयचा हेक्टर निपचित पडलाय, पण नजर खिळते ती त्याच्या बायकोवर, अँड्रोमकीवर.

आपल्याकडे मात्र गोष्ट वाहती राहिली. कुंभार्ली घाट उतरून तळकोकणात पिंगुळीला गेलं, की चित्रकथी एकामागून एक चित्र दाखवत कथा गातो. वीर पडला तरी पुढचं पान असतंच.

ही वाट वळवली तैलरंगाने. राजा रविवर्म्यांच्या ‘जटायुवधा’त एकच क्षण आहे: पंख तुटलेला, रावणाची तलवार वर, सीतेने तोंड झाकलेलं. त्याआधीचं, नंतरचं काही नाही. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला आणि पुराणातले प्रसंग असे क्षणाक्षणांनी घराघरांत टांगले गेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हीच नवी रीत हाती धरली, पण १९१६च्या चित्ररामायणात गोष्ट पुन्हा चित्रामागून चित्र अशी उलगडली. राजाने स्वतः कुंचला धरून केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी १९३८ साली उभारलेलं औंधचं संग्रहालय आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे.

सार्पेडॉनचं ते भांडं थडग्यातून चोरून विकलं गेलं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००८ साली ते इटलीला परत केलं. एका भांड्यासाठी त्या देशाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपले वीर उघड्यावर, पाराखाली उभे आहेत. तुमच्या गावात वीरगळ असेल तर त्याला ऑइलपेंट फासू नका, सिमेंटमध्ये गाडू देऊ नका. तिन्ही चौकटींचे स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि गावातल्या पोरांना तो खालून वर वाचायला शिकवा.